कीमोच्या वॉर्डात सेवेला जाणाऱ्याची पिशवी: मनगटपट्टा, लोशन, अरोमा स्टिक आणि इतर वस्तूंची पारख

कीमो चालू असलेल्या किशोरवयीन मुलांना आणि विशीतल्या तरुणांना हाता-पायाचा हलका मसाज, अ‍ॅक्युप्रेशर, श्वासाचे व्यायाम अशी सेवा विनामूल्य द्यायला जाणारे लोक मुंबईत परळला आहेत, नागपूर आणि बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयांत जाणारेही आहेत. मसाजचं किंवा अ‍ॅक्युप्रेशरचं शिक्षण असतं, वेळ द्यायची तयारीही असते. पिशवीत काय टाकावं याचा गोंधळ मात्र बहुतेकांचा असतो. दुकानात आणि ऑनलाइन ‘कॅन्सर केअर’ नावाखाली वाट्टेल ते विकलं जातं. हा रिव्ह्यू त्या पिशवीतल्या वस्तूंचा आहे. निकाल आधीच सांगून टाकतो: सगळा भर ज्याच्यावर असतो त्या मनगटपट्ट्याला दुसरा नंबर, आणि जिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही त्या बिनवासाच्या लोशनच्या बाटलीला पहिला.

पट्ट्यापासून सुरुवात करू, कारण त्याच्याबद्दलच सर्वांत जास्त विचारलं जातं. विणलेल्या इलॅस्टिकची पट्टी आणि तिच्या आतल्या बाजूला प्लास्टिकची अर्धगोल गुंडी, एवढंच त्याचं यंत्र. ‘सी-बँड’ हे त्यातलं जुनं नाव, मुळात प्रवासातल्या मळमळीसाठी खपणारं. तशाच बनावटीचे देशी पट्टे त्याच्यापेक्षा बरेच स्वस्त मिळतात. गुंडीने पेरिकार्डियम-6 या मनगटाजवळच्या अ‍ॅक्युप्रेशर बिंदूवर सतत दाब द्यायचा, ही कल्पना.

चूक होते ती जागा शोधताना. मनगटाच्या आडव्या घडीपासून कोपराच्या दिशेने तीन बोटांची रुंदी मोजायची, पण ती तीन बोटं पेशंटची स्वतःची हवीत. तेरा वर्षांच्या मुलीच्या हातावर मोठ्या माणसाची बोटं ठेवली की गुंडी बिंदूच्या बरीच वर जाऊन बसते आणि मग ‘पट्टा चालत नाही’ अशी तक्रार येते. अनामिका घडीला टेकवायची, मधलं बोट आणि तर्जनी तिला चिकटवायची. तर्जनीची पलीकडची कड जिथे येते तिथे, दोन कंडरांच्या मधोमध तो बिंदू. कंडरा दिसत नसतील तर अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित आत वळवायला सांगावं, दोरीसारख्या वर येतात. काही जणांच्या हातात यांतली एक कंडरा जन्मतःच नसते. तिथे शोधत बसू नये, हाताची मधली रेघ धरून गुंडी ठेवावी.

पट्टा चढवल्यावर त्याच्याखाली एक बोट सहज सरकलं पाहिजे. नंतर त्या हाताचं एक नख पाच सेकंद दाबून सोडायचं. दोन सेकंदांत गुलाबी रंग परत आला नाही तर पट्टा घट्ट आहे. दर दोन-तीन तासांनी तो काढून कातडी बघायची. गुंडीचा लालसर ठसा उमटणारच, पण अर्ध्या तासात तो विरला नाही तर त्या दिवशी पट्टा परत चढवायचा नाही. स्वस्त पट्ट्यांचा खरा दोष इथे दिसतो: गुंडीची कड नीट घासलेली नसते. विकत घेण्याआधी ती स्वतःच्या गालावर फिरवून बघावी. कड बोचली तर पॅकेट परत करावं. गरम पाण्यात धुतलं की इलॅस्टिक सैल पडतं, म्हणून साध्या पाण्यात, साबणाने, हाताने धुवायचा. आणि एका पेशंटचा पट्टा दुसऱ्याला कधीही नाही. दिलेला पट्टा त्याचाच, घरी नेण्यासाठी.

कुठे घालायचा नाही हे जास्त महत्त्वाचं. ज्या हाताला पिक लाईन (औषधं देण्यासाठी दंडातून मोठ्या शिरेत घातलेली बारीक नळी) आहे किंवा मनगटाजवळ सलाईनची सुई आहे, तो हात बाद. काखेतल्या गाठी काढलेल्या असतील किंवा हात सुजलेला असेल, तर तोही बाद. प्लेटलेट्स (रक्त थांबवणाऱ्या पेशी) 50,000 च्या खाली असतील तर गुंडी निळा डाग पाडते. वजन घटून मनगट काडीसारखं झालं असेल तर पट्टा सरकतो आणि गुंडी हाडावर जाते. उलट स्टेरॉइडने अंग सुजलेलं असेल तर सकाळी बरोबर बसलेला पट्टा संध्याकाळी करकचतो.

आता तो चालतो का? मोठ्यांवरच्या जुन्या अभ्यासांत कीमोच्या दिवशीची मळमळ थोडी कमी झालेली दिसली होती. पण अमेरिकेतल्या चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुपच्या चाचणीत, जिचा निकाल 2018 मध्ये छापून आला, जोरदार उलट्या आणणारी कीमो घेणाऱ्या मुलांत खरा पट्टा आणि नकली पट्टा यांच्यात मळमळीच्या बाबतीत फरक पडला नाही. अपायही झाला नाही. तेव्हा ‘याने उलट्या थांबतात’ असं वॉर्डात कुणालाही सांगू नये. ‘घालून बघ, बरं वाटलं तर ठेव, पण उलटीच्या गोळ्या वेळेवर घ्यायच्याच’ एवढंच सांगावं. जपून घातला तर मोठा धोका पट्ट्याचा नसतोच. पट्ट्यावर विसंबून उलटीवरची ऑनडॅनसेट्रॉनची गोळी चुकवली जाते, किंवा पट्टा देणाऱ्या ताईला वाईट वाटेल म्हणून मुलगा मळमळ लपवतो, धोका तिथे आहे. तरीही तो पिशवीत राहावा. दिवसभर सगळं दुसऱ्यांच्या हातात असलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला स्वतः घालता-काढता येईल अशी एक वस्तू मिळते, आणि तिचा रंगही तो आवडीने निवडू शकतो. घड्याळासारखे विजेवर चालणारे पट्टेही मिळतात. ते स्वयंसेवकाने स्वतःच्या जबाबदारीवर देण्याची गोष्ट नाही, डॉक्टरांनी सांगितलं तरच.

लोशनकडे येऊ. बाटलीवर ‘सुगंधरहित’ लिहिलेलं हवं. ‘बेबी’ लिहिलेलं असणं पुरेसं नाही, कारण बहुतेक बेबी लोशनांना चांगलाच घमघमाट असतो. ग्लिसरीन किंवा लिक्विड पॅराफिनचं साधं लोशन, पंपाची बाटली, त्वचारोगतज्ज्ञ कोरड्या कातडीसाठी लिहून देतात त्या जातीचं. तोंड उघडं राहणारे डबे घेऊ नयेत, दहा बोटं बुडाली की त्यात जंतू गेलेच. बदाम तेल नको. सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी कुणाला आहे हे प्रत्येक वेळी कळत नाही. तेलाबद्दल आणखी एक अडचण: पिक लाईनवरची पारदर्शक चिकटपट्टी तेलाने सुटते, आणि ती सुटली की जंतुसंसर्गाला दार उघडं. लाईनपासून निदान चार बोटं लांब राहावं.

खोबरेल तेलाचा प्रश्न आपल्याकडे येणारच. आई डोक्याला लावतेच, गावाहून बाटलीही आणलेली असते. त्याला नाही म्हणण्यात अर्थ नाही. केस गेलेल्या डोक्याची कातडी हुळहुळी असते. तळव्याने नुसतं पसरवायचं, बोटांनी चोळायचं नाही. बाटली त्या पेशंटचीच वापरायची. रेडिएशन चालू असलेल्या भागावर मात्र खोबरेलही नाही आणि लोशनही नाही, रेडिएशन विभागाने दिलेलं सोडून काही नाही.

थायोटेपा नावाचं कीमोचं औषध चालू असेल तर लोशनची बाटली बाहेरच काढू नये. हे औषध घामावाटे कातडीवर येतं, लोशनच्या थराखाली साचतं आणि भाजल्यासारखी जखम करतं. त्या दिवसांत नर्सेस पेशंटला वारंवार अंघोळ घालतात, चिकटपट्ट्या कमीत कमी ठेवतात. एरवीही कीमोनंतरचे 48 तास हातमोजे घालूनच मसाज करावा, काही औषधांचा अंश घामात असतो. हातमोजे नायट्राइलचे घ्यावेत. पॅराफिनच्या लोशनने लॅटेक्सचे मोजे कमकुवत होतात, शिवाय लॅटेक्सची अ‍ॅलर्जी वेगळीच.

हाताचा मसाज दोन्ही हात मिळून दहा मिनिटांचा. नखं कापलेली, अंगठ्या-घड्याळ उतरवलेलं, हात साबणाने धुतलेले. कोपराखाली घडी घातलेला टॉवेल ठेवायचा, म्हणजे पेशंटला स्वतःचा हात धरून ठेवावा लागत नाही. पंपाचा एक दाब लोशन आधी आपल्या तळव्यांत घेऊन कोमट करायचं. मग हात नुसता दोन्ही हातांत धरून तीन श्वास थांबायचं. याच वेळी कळतं की तो ताठ आहे, थंड आहे, की मागे ओढला जातोय. मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत सलग, सावकाश पाच-सहा हात फिरवायचे. नंतर तळव्याच्या मध्यापासून कडांकडे अंगठ्याने पसरवत जायचं. प्रत्येक बोट मुळापासून टोकाकडे एकदा. शेवटी परत नुसतं धरायचं.

दाब किती? मसाज थेरपीत दाबाची 1 ते 5 अशी मोजपट्टी वापरतात. 1 म्हणजे लोशन हलकेच पसरवायला लागतो तेवढा, 2 म्हणजे लोशन मुरवायला लागतो तेवढा. कीमोच्या वॉर्डात या दोन आकड्यांच्या पुढे जायचंच नाही. प्लेटलेट्स 50,000 च्या खाली गेल्या की 1, आणि 20,000 च्या खाली तर नुसतं धरणं, तेही सिस्टरने हो म्हटलं तरच. स्पा किंवा मालिशच्या धंद्यातून आलेल्या चांगल्या हातांना हेच सगळ्यात अवघड जातं, कारण ‘जोर लावला नाही तर मसाज कसला’ ही सवय अंगात मुरलेली असते. जोर लावला तर दुसऱ्या दिवशी दंडावर पाच बोटांचे निळे ठसे दिसतात.

आणखी एक बारकावा. ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) उपचारातल्या विनक्रिस्टीन या औषधाने बोटांत आणि पायांत मुंग्या येतात, बधिरपणा येतो. अशा बोटांवर पिसासारखा हलका स्पर्श नकोसा वाटतो, विजेचा झटका बसल्यासारखा. तिथे फिरवणं बंद, तळवा सपाट ठेवून स्थिर धरायचं. त्याच उपचारातल्या अ‍ॅस्परजिनेजमुळे रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. एकच पाय सुजलेला, गरम, पोटरीत दुखतंय असं दिसलं तर त्याला हात लावायचा नाही, सरळ सिस्टरला सांगायचं. किशोरवयात हाडाचा कॅन्सर बहुधा गुडघ्याच्या आसपास होतो. त्या पायाला, ऑपरेशन झालेलं असो वा नसो, मसाज नाही.

हे सगळं फाईल वाचून शोधायचं नसतं, फाईल स्वयंसेवकाने उघडूच नये. बेडकडे जाण्याआधी सिस्टरला विचारायचं: आज काउंट (रक्तातल्या पेशींचे आकडे) कसे आहेत, लाईन कुठे आहे, कुठल्या भागाला हात लावायचा नाही, आणि आज कुठलं औषध गेलं. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 500 च्या खाली असतील किंवा ताप असेल तर बहुतेक वेळा ‘आज नको’ हेच उत्तर मिळतं आणि ते निमूटपणे मानायचं. स्वतःला साधी सर्दी असेल तर घरीच राहावं, हे वेगळं सांगायला लागू नये, पण लागतं.

अरोमा स्टिक ही त्यामानाने नवी आणि चांगली वस्तू. लिपस्टिकएवढी प्लास्टिकची नळी, आत कापसाची वात, वर झाकण. वातीवर सुगंधी तेलाचे 10 ते 15 थेंब टाकले की झालं, पेशंट झाकण काढून स्वतः हुंगतो, बंद करून खिशात ठेवतो. मँचेस्टरच्या ख्रिस्ती या कॅन्सर रुग्णालयात अशा स्टिक वापरात आलेल्या आहेत. खोलीभर वास पसरवणाऱ्या डिफ्यूझरपेक्षा ती लाखपटीने बरी, कारण वास त्याच्यापुरता राहतो. शेजारच्या बेडवरच्याला तोंडात फोड आले असतील तर त्याला तोच लॅव्हेंडर असह्य होतो. रिकाम्या नळ्या ऑनलाइन डझनाने मिळतात. झाकण आट्यांचं घ्यावं. नुसतं दाबून बसवायचं झाकण पिशवीत उघडतं आणि मग सगळ्या वस्तूंना एकच वास.

तेल निवडू द्यायचं मुलाने. संत्रं आणि लिंबू बहुतेकांना चालतं. पेपरमिंट काहींना बरं वाटतं, काहींच्या डोक्यात जातं. निलगिरी आणि कापूर टाळावेत. लहान मुलांत कापरामुळे झटके येऊ शकतात आणि मुलांच्या वॉर्डात लहान भावंडंही फिरत असतात. घरगुती बामांत हे दोन्ही असतात, म्हणून बामाची डबी पिशवीतून काढून टाकावी. गोठवून ठेवलेल्या स्टेमसेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) पेशंटला परत देताना जे संरक्षक द्रव्य वापरलेलं असतं त्याला लसणासारखा उग्र दर्प येतो, तो पेशंटच्या श्वासातूनही येत राहतो. त्या वेळी सोललेल्या संत्र्याचा किंवा संत्र्याच्या स्टिकचा चांगला उपयोग होतो. मात्र एक सावधगिरी बाळगायची: ज्या वासासोबत उलटी झाली तो वास पुढे कित्येक महिने नुसता आला तरी उमळून येतं. मुलीला मोगरा फार आवडतो म्हणून सलाईन चालू असताना मोगरा देणं म्हणजे तिचा मोगरा कायमचा हिरावून घेणं. आवडता वास घरासाठी राखून ठेवावा, उपचाराच्या दिवशी असा वास वापरावा ज्याच्याशी काहीच जोडलेलं नाही.

दवाखान्याच्या फाटकापाशीच उलटी व्हायला लागलेल्या मुलांसाठी पट्टाही नाही आणि स्टिकही नाही. तिथे श्वासाचे आणि कल्पनाचित्रांचे व्यायाम, संमोहन यांचा जास्त आधार आहे. संमोहन प्रशिक्षित माणसानेच करावं. स्वयंसेवकाला चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, एवढं शिकवता येतं. मोबाईलवर दहा मिनिटांची योगनिद्रा भरून ठेवता येते. रेकॉर्डिंग मराठीत आणि हिंदीत दोन्ही हवं. परळला उपचारासाठी बिहार, उत्तर प्रदेश, बंगालमधून कितीतरी कुटुंबं येतात. इअरफोन पेशंटचे स्वतःचे. सिस्प्लॅटिन या कीमोच्या औषधाने कानांवर परिणाम होतो, त्यामुळे आवाज हळू ठेवायचा आणि बोलताना समोर बसून, ओठ दिसतील असं बोलायचं. तिबेटी वाडगे याच कारणाने घरी ठेवलेले बरे.

नापास वस्तू भराभर. सुजोक या अ‍ॅक्युप्रेशर पद्धतीच्या काटेरी अंगठ्या आणि गोळे, लाकडी अ‍ॅक्युप्रेशर रोलर, टोकदार पाट्या, कंपन देणारी मसाज यंत्रं: कमी प्लेटलेट्समध्ये यातलं काहीही चालत नाही. चुंबकाची ब्रेसलेटं आणि चुंबक लावलेले पट्टे तर वॉर्डात आणूच नयेत. मेंदूच्या ट्यूमरच्या काही मुलांना शंट (मेंदूतलं साचलेलं पाणी उतरवणारी नळी) बसवलेला असतो, आणि बाहेरून जुळवता येणाऱ्या शंटच्या झडपेची सेटिंग चुंबकाने बदलू शकते. धूप, अगरबत्ती, फुलं, कुंडी नाही. ‘कॅन्सर बरा करणारं तेल’ असं लेबल असेल तर ती बाटली दुकानातच सोडावी. कॅन्सर बरा करण्याच्या जाहिरातींना 1954 च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे. रेकी (हातांतून ऊर्जा देण्याची पद्धत) देणाऱ्यांना विरोध करायचं कारण नाही, मुलाला पंधरा मिनिटं शांत पडायला मिळतं. ऊर्जेने गाठ विरघळते असं सांगायला लागलं की मात्र थांबवायचं.

वस्तू नसलेल्या पण पिशवीइतक्याच लागणाऱ्या दोन-तीन गोष्टी. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाची लेखी परवानगी आणि ओळखपत्र. अठराच्या आतल्या मुलाच्या बाबतीत पालकांची संमती, आणि ती मिळाली तरी मुलाचं स्वतःचं ‘हो’. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा 2012 पासून आहे. पडदा उघडा, पालक किंवा दुसरा मोठा माणूस शेजारी, आणि स्पर्श फक्त हात, पाऊल, डोकं, कपड्यांवरून खांदा, यात स्वयंसेवकाचंही रक्षण आहे. बोलणं मात्र मुलाशी. आई शेजारी आहे म्हणून ‘याला पाय चोळून हवेत का?’ असं तिला विचारलं की सोळा वर्षांचा मुलगा भिंतीकडे तोंड करतो. एकोणीस-वीस वर्षांच्या पेशंटला ‘बाळा’ म्हणू नये. नाव घ्यावं, आणि तो स्वतः ‘अरे ताई, तू म्हण ना’ म्हणेपर्यंत ‘तुम्ही’. इंग्लंडात टीनेज कॅन्सर ट्रस्टने 1990 पासून या वयासाठी वेगळे विभाग उभारले. आपल्याकडे या वयाचा पेशंट बऱ्याचदा एकतर कार्टून रंगवलेल्या भिंतींच्या वॉर्डात असतो नाहीतर आजोबांच्या वयाच्या पेशंटांच्या रांगेत, त्यामुळे बोलण्यातला हा फरक त्याला फार जाणवतो.

एका दुपारी चार पेशंट धरले तर खरेदी अशी: 50 मिलीच्या चार पंपबाटल्या, प्रत्येकीवर पेशंटचं नाव लिहायला कागदी चिकटपट्टी, नायट्राइलचे हातमोजे आठ जोड, पट्टे लहान मापाचे दोन जोड, मोठ्या मापाचा एक, सहा रिकाम्या अरोमा स्टिक, संत्र्याचं आणि लिंबाचं तेल प्रत्येकी 10 मिली, वापरून टाकायचे कागदी टॉवेल, सॅनिटायझर. पिशवी रेक्झिनची घ्यावी, पुसून काढता येते. कापडी झोळी दिसते छान, पण ती बेडवर ठेवली जाते, मग जमिनीवर, मग परत पुढच्याच्या बेडवर.